जांभळीवरचं मचाण

"इथं नको, पाटील. तिकडं बोडीजवळ बांधू," मी म्हणालो.

उरकुडा पाटलांनी मी दाखवलं तिकडे पाहिलंही नाही. जांभळीच्या बुंध्याला हात लावून ते वर बघत होते. दोन जाड फांद्या जिथं फुटत होत्या, ती जागा त्यांच्या मनात भरलेली दिसत होती.

"हेच बरं आहे. पाला दाट आहे. खालून कोणाले दिसत नाही."

"पण चितळं पाण्यावरून येतात. बोडीच्या काठानं खूर उमटलेत. या ना, दाखवतो."

"पायले मी."

"अन् वारा? वारा इकडून जंगलाकडं वाहते. आपला वास आधी तिथं जाईल."

तेव्हा त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "वारा कसा पाहाचा ते तुह्या बापाले मीच शिकवलं होतं," ते म्हणाले. "बांबू दे."

मी बांबू दिला. पण मनात काहीतरी खटकलं ते खटकलंच. आमच्या भागात उरकुडा पाटलांइतका शिकारी दुसरा नव्हता. मोडलेल्या गवतावरून जनावर कुठून आलं आणि कुठं गेलं ते सांगणारा हा माणूस. त्यानं चितळाच्या मचाणासाठी चुकीचं झाड निवडावं, तेही वारा पाठीवर घेऊन? चुकून तर हे होणार नव्हतं.

तेव्हा शिकारीवर आजच्यासारखी बंदी आलेली नव्हती. जंगलाला लागून शेत असलं की पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळायचा. माझ्याकडे वडिलांची एकनळी होती. धान कापून नेल्यावर आमच्या बांध्यांत लाखोरी हिरवीगार उभी राहायची आणि पौष-माघात चितळांचे कळप तिच्यावर तुटून पडायचे. म्हणून दिवस कलला की बंदूक घेऊन मी शेतातल्या खोपडीत जाऊन बसायचो. चितळ मारण्याची मला हौस नव्हती. हवेत एक बार काढला की कळप पळून जायचा, तेवढ्यावर माझं काम भागत होतं.

अशात त्या दिवशी सकाळी पाटील माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"तुह्या लाखोरीत चितळं घुसून राहिली म्हणे. चाल, तुले मचाण बांधून देतो."

मी बघतच राहिलो. दीड वर्षात ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते, आणि मीही त्यांच्याशी नाही.

पाटलांच्या गिरजाशी माझं साक्षगंध झालं होतं. त्या दिवसापासून मी त्यांना 'मामाजी' म्हणायला लागलो होतो. लग्न तोंडावर आलं आणि गिरजा वामन रामटेकेबरोबर निघून गेली. वामन म्हणजे देवी टोचणारा. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून तो गावोगाव हिंडायचा. आमच्या जातीचा नव्हता. पाटलांच्या घरी पोरांना टोचायला आला तरी त्याला अंगणाच्या आत कोणी बोलावलं नसतं. दोघांनी भंडाऱ्याला जाऊन लग्न केलं आणि जंगलापलीकडच्या सावरटोल्याला बिऱ्हाड मांडलं.

त्या दिवसांत मी फार बडबडलो. कुठंही, कोणासमोरही, तोंडाला येईल ते. पाटील मात्र काहीच बोलले नाहीत. पोरीचं नाव या घरात घ्यायचं नाही, एवढंच त्यांनी बायकोला सांगितलं आणि दार लावून घेतलं. मी त्यांना मामाजी म्हणणं सोडलं. मग दुसरं काय म्हणावं ते सुचेना, म्हणून बोलणंच सोडलं.

आणि आता ते माझ्या जांभळीवर चढून माझं मचाण बांधत होते.

त्यांचे हात अजून पक्के होते. दोन फांद्यांवर त्यांनी आधी दोन जाड बांबू आडवे टाकले, अंबाडीच्या दोरानं आवळले. त्यावर बारीक बांबू जवळजवळ बसवले. मी खालून एकेक देत होतो. एका पायानं ते लंगडत, गुडघा त्यांना त्रास देई, तरी मला वर चढू देत नव्हते.

"वर धानाचं तणस टाकू. अंगाखाली आवाज नको," ते म्हणाले. "जरा हललं की कुरकुरते बांबू."

तणस झाल्यावर पाला बांधायला घेतला. शेताच्या बाजूला त्यांनी जांभळीच्याच डहाळ्या वाकवून इतका दाट पडदा केला की त्यातून लाखोरीचा हिरवा रंगही दिसेना. मागच्या बाजूला मात्र हातभर जागा मोकळी ठेवली.

मी शिडीवर अर्धा चढून त्या फटीतून पाहिलं. खाली पायवाट होती. जंगलातून येऊन जांभळीला वळसा घालून आमच्या गावाकडे जाणारी वाट. त्या फटीतून वाटेचा तो वळसा सगळाच्या सगळा दिसत होता, जसा काही ताटात वाढलेला.

"इकडं पाला बांधायचा राहिला," मी म्हणालो.

"राहू दे. दिसलं पायजे."

"वाटेवरून चितळ थोडंच येणार?"

 ते दोराची गाठ दातांनी ओढत राहिले. मी शिडीवर तसाच उभा होतो आणि मला एकदम आठवलं, ही वाट सावरटोल्याहून येते. वामन दर गुरुवारी याच वाटेनं सायकलवरून जातो. मी खोपडीत बसलेला असताना त्याची घंटी ऐकू यायची आणि ती लांब जाईपर्यंत मी मान वर करायचो नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

"बसाचं कधी?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा मी खूप प्रयत्न केला.

"उद्याच. दिवस कलाच्या आधी. तुही बंदूक आण. माही नागपूरले गेली, दुरुस्तीले. अन् छर्रे नको आणू. छर्ऱ्यानं जनावर नुसतं जखमी होते. गोळी आण."

मचाणाच्या गाठी पक्क्या करायला दोर कमी पडला. पाटलांनी मला त्यांच्या घरी पाठवलं. जाताना पानठेल्यावर डोमाजीनं हाक मारली.

"काय गा नीळू, शिकारीले चालला म्हणते? पाटलालेही संगं नेऊन राहिला?"

"मी नेऊन राहिलो? कोण म्हणते?"

"पाटीलच सांगत होते सकाळी. चौघं होतो आम्ही इथं. नीळू मचाण बांधून राहिला, मले बसाले बोलावलं म्हणे. बरं झालं बाप्पा. किती दिवस तोंड फिरवून राहाल?"

मी काहीतरी बोलून पुढं निघालो.  पाटील माझ्या दारात आले होते, मी त्यांच्या दारात नव्हतो गेलो. मग गावाला उलटं कशाला सांगायचं?

त्यांच्या घरी भागरथाबाई, म्हणजे पाटलीणबाई, अंगणात धान वाळवत होत्या. दोर पडवीत आहे म्हणाल्या. मी पडवीत गेलो आणि दोराच्या वर खुंटीला पाटलांची दुनळी टांगलेली दिसली. तेल लावून पुसलेली, चकचकीत. तिला काही झालेलं नव्हतं.

मी दोर खांद्यावर टाकून बाहेर आलो तेव्हा भागरथाबाई उठून उभ्या होत्या. त्यांनी आधी फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याजवळ आल्या.

"बापू," त्या हळूच म्हणाल्या, "उद्या बसता म्हणे तुम्ही दोघं?"

"हो."

"माह्या पोरीचं वाईट नका होऊ देऊ, बापू. मी पाया पडतो तुमच्या."

आणि खरंच वाकल्या. मी मागं सरलो.  त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि धानात हात घालून पुन्हा बसल्या.

शेताकडे परत जाताना मी सगळं जुळवून पाहिलं. झाड वाटेवरचं. फट वाटेच्या बाजूला. उद्या गुरुवार. आपली बंदूक घरी ठेवून माझी मागवायची. गोळी मागवायची. शेत माझं, मचाण माझं, परवाना माझ्या नावाचा, आणि बेत माझा होता असं सांगायला पानठेल्यावर चार साक्षीदार. गोळी कोणीही झाडली तरी वामनला मारायचं कारण सगळ्या गावात आणखी कोणाकडे होतं? माझ्याकडे. ज्याची ठरलेली बायको त्यानं नेली, त्याच्याकडे.

पाटलांची बायकोसुद्धा हे जाणून होती. म्हणून तर ती माझ्या पाया पडली.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. जावंच नाही, असं एकदा वाटलं. पण मी गेलो नाही तर पाटील आपली दुनळी खांद्याला लावून एकटेच जाऊन बसतील. मग अडवायला कोणीच नाही. वामनला सांगावं? दीड वर्षानं मी त्याच्या दारात उभा राहून म्हणणार, उद्या त्या वाटेनं येऊ नको, तुझा सासरा तुला मारणार आहे. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला असता? मी तरी ठेवला असता का? पोलीस पाटलाकडे जाण्यातही अर्थ नव्हता. उरकुडा पाटलांविरुद्ध त्याच्यासमोर बोलायचं, आणि बोलायचं काय, तर त्यांनी चुकीचं झाड निवडलं?

शेवटी मी ठरवलं की जायचं. बंदूक न्यायची, पण रिकामी. गोळ्या घरीच ठेवायच्या. आणि बंदूक हातातून सोडायची नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील माझ्या आधी येऊन झाडाखाली उभे होते. अंगावर घोंगडी, हातात काठी. दुसरं काही नव्हतं. घोंगडीच्या आत काय आहे ते मात्र दिसत नव्हतं.

"चढ तू पुढं," ते म्हणाले.

"तुम्ही चढा. मी शिडी धरतो."

"मले धरा लागत नाही. चढ."

कोणीच कोणाकडे पाठ करायला तयार नव्हतं, असं आज म्हणता येईल. तेव्हा मला फक्त एवढंच समजत होतं की हा माणूस माझ्या मागं राहू नये. अखेर ते चढले. त्यांचा दुखरा पाय प्रत्येक पायरीवर थांबत होता. मग मी बंदूक गळ्यात अडकवून चढलो.

मचाण दोघांपुरतंच होतं. मांडीला मांडी लागत होती. ऊन अजून होतं, पण जांभळीत सावली आणि गारवा होता. खाली वाटेवर वाळलेली पानं पडली होती. लांब बोडीच्या काठावर बगळे उभे होते.

"भरली का?" पाटलांनी विचारलं.

"भरली," मी खोटंच सांगितलं.

"गोळीच ना?"

"हाव."

त्यांनी घोंगडी सावरली. मग म्हणाले, "मधात ठेव. दोघांच्या मधात."

मी बंदूक आमच्या दोघांमध्ये आडवी ठेवली, नळी फटीकडे. दस्ता माझ्या मांडीवर होता, तिथून मी हात काढला नाही. पाटलांनी घोंगडीतून हात बाहेर काढला आणि नळीवर ठेवला. मोठा, गाठी आलेला हात. नुसता ठेवला नाही, पकडून ठेवला.

मला वाटलं, झालं. वेळ आली की हा हात झटका देईल आणि बंदूक त्यांच्याकडे जाईल.

"तुहं लगन काउन नाही केलं अजून?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"जमलं नाही कुठं."

"पोरी आल्या ना सांगून? आमगावची एक आली होती म्हणे."

"आली होती."

"मग?"

"नाही म्हणालो."

"काउन?"

"असंच."

त्यांची बोटं नळीवर आणखी घट्ट झाली. मी ते बघितलं आणि मलाही दस्ता घट्ट धरावासा वाटला.

"अजून राग आहे म्हणा की," ते म्हणाले.

"तुमाले नाही?"

"मी बाप आहे. माह्या रागाची गोष्ट वेगळी."

वेगळी म्हणजे कशी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बाप आहे म्हणून मारण्याचा हक्क आहे, असंच मला त्यातून ऐकू आलं.

बोडीवरचे बगळे उडाले. ऊन लाखोरीवरून सरकून बांधावर गेलं. एक चितळ जंगलाच्या कडेला येऊन थांबलं, नाक वर केलं आणि वळून आत गेलं. आमचा वास गेला होता. पाटलांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं होतं तेच. या मचाणाचा आणि चितळाचा काही संबंध नव्हता.

मग घंटी वाजली.

लांबून, जंगलातून. एकदा वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दगडावरून सायकल उतरवताना वाजते तशी.  मी फटीतून पाहिलं. वामन सायकल हातात धरून चालत येत होता. आज कॅरिअरला पेटी नव्हती, कापडाचं गाठोडं होतं. आणि त्याच्या मागं गिरजा होती. खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं बाळ.

मला हे माहीत नव्हतं. गिरजा येईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. तिला मूल झाल्याचंही मी ऐकलं नव्हतं. हा माणूस आपल्या मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्यावर गोळी झाडणार? मी पाटलांकडे पाहिलं.

पाटील वाटेकडे पाहतच नव्हते.

ते माझ्याकडे पाहत होते. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या हाताकडे. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"नीळू," ते अगदी हळू म्हणाले, "हात काढ."

"तुम्ही काढा."

"पोरगी आहे खाली."

"म्हणूनच म्हणतो. सोडा बंदूक."

"नीळू, मी हात जोडतो. तिचं नको पाहू, लेकराकडं पाह्य. सोड."

त्यांचे शब्द माझ्या डोक्यात शिरत नव्हते. त्यांनी नळी आपल्याकडे ओढली, मी दस्ता माझ्याकडे ओढला. बांबू कुरकुरले. एक डहाळी तुटून खाली वाटेवर पडली आणि नळी फटीतून हातभर बाहेर गेली.

खाली पावलं थांबली.

गिरजानं वर पाहिलं. आम्ही तिला दिसलो असणार. पानातून बाहेर आलेली बंदूक, आणि तिच्या मागं तिचा बाप आणि तिचं लग्न ज्याच्याशी मोडलं तो मी, मांडीला मांडी लावून. ती ओरडली नाही. तिनं वामनला एका हातानं मागं लोटलं आणि बाळासकट त्याच्यापुढं उभी राहिली.

"मारा," ती म्हणाली. "बाबा, मारा. दोघं मिळून आलात तर मारा."

"गिरजे!" पाटील ओरडले. दीड वर्षात तिचं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "गिरजे, पळ! याच्या बंदुकीत गोळी आहे, पळ!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी बंदूक मोडली, म्हणजे नळी खाली पाडून उघडली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. नळीतून आरपार आभाळ दिसत होतं.

"रिकामी आहे," मी म्हणालो. "घरून रिकामीच आणली. तुम्ही वामनला माराल म्हणून."

पाटील त्या भोकातून बघत राहिले. त्यांचं तोंड उघडंच होतं.

"मी?" ते म्हणाले. "मी कायले मारू? पोरीले घरी मीच बोलावलं. कासारणीच्या हातानं निरोप धाडला, गुरुवारी या म्हणून."

"मग हे मचाण? वाटेवरचं?"

"तू काय बोलला होतास पानठेल्यावर? दिसला तर झोपवीन म्हणे. चारचौघांत. विसरला असशील, मी नाही विसरलो. अन् रोज संध्याकाळी याच वाटेवर बंदूक घेऊन बसतोस. त्याइले तुह्या समोरून येऊ देऊ? एकदा वाट बदलून चुकवलं असतं. पण पोरगी नेहमी येईल-जाईल, तिले रोज कसं राखू? म्हटलं, एकदा याच्या शेजारी बसून पाहू. ते समोर आले की याचा हात कुठं जाते ते पाहू."

"अन् तुमची बंदूक? ती तर घरी खुंटीले आहे. मी पायली."

"दोन बंदुका असत्या तर मी कोणती धरली असती? तुह्या एकीवर हात ठेवला की झालं. अन् छर्रे फाकले असते तर लेकरालेही लागले असते, म्हणून गोळी आण म्हटलं."

"गावात काउन सांगितलं की मी तुमाले नेऊन राहिलो?"

"सगळ्याइले माहीत असलं म्हणजे माणूस करता करता थांबते."

मी आणखी काही विचारणार होतो. पण भागरथाबाईंचं वाकणं आठवलं. त्या बाईनं नवऱ्याला अडव म्हणून माझे पाय धरले नव्हते. मी मारू नये म्हणून धरले होते.

खाली गिरजा तशीच उभी होती. बाळ रडायला लागलं होतं. वर आम्ही जे बोललो त्यातलं तिला किती ऐकू गेलं कोण जाणे, पण तिचा चेहरा बदलला नव्हता.

"बंदूक खाली द्या आधी," ती म्हणाली. "मग बोला."

मी उरलेला दोर दस्त्याला बांधला आणि बंदूक हळूहळू खाली सोडली. वामननं सायकल झाडाला टेकवली, पुढं येऊन ती घेतली.  बंदूक कशी धरावी ते त्याला माहीत नव्हतं. एखाद्याचं झोपलेलं मूल घ्यावं तशी त्यानं ती दोन्ही हातांवर आडवी घेतली.

"गोळ्या?" गिरजानं विचारलं.

"नाहीत. घरी आहेत."

"खिसे दाखवा."

मी सदऱ्याचे खिसे उलटे करून दाखवले. एक बिडीचं बंडल आणि माचिस खाली पडली.

"बाबा, घोंगडी काढा."

पाटलांनी निमूटपणे घोंगडी काढून खाली टाकली. आत अंगरख्यावर बंडी होती. बाकी काही नाही. 

"आता उतरा."

मी आधी उतरलो आणि लांब जाऊन उभा राहिलो, बांधापलीकडे. पाटील शिडीवर आले आणि तिसऱ्या पायरीवर अडकले. इतका वेळ मांडी घालून बसल्यानं त्यांचा दुखरा पाय बधिर झाला होता. तो खालची पायरी शोधत हवेतच फिरत होता. शिडी एका बाजूला कलली. मी पुढं धावलो, तर गिरजा ओरडली, "तुम्ही नका येऊ!"

मी थांबलो. वामनच्या हातात बंदूक होती, गिरजाच्या खांद्यावर बाळ. क्षणभर कोणीच हललं नाही. पाटील शिडीला मिठी मारून होते आणि डोळे मिटलेले होते.

गिरजानं बाळ वाटेवर पडलेल्या घोंगडीवर ठेवलं. ती शिडीपाशी आली, दोन्ही हातांनी शिडी धरली, छाती लावून दाबली. मग एक हात काढून तिनं बापाचा घोटा पकडला आणि पाय खालच्या पायरीवर टेकवून दिला.

"इथं," ती म्हणाली. "आता दुसरा."

अशी एकेक पायरी तिनं त्यांना उतरवलं. जमिनीवर पाय टेकल्यावर पाटील तिथंच बुंध्याशी बसले. घोंगडीवरचं बाळ हातपाय हलवत होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले, पण हात लावायला पुढं सरकले नाहीत. शेवटी गिरजानंच ते उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मुलगी आहे," ती म्हणाली.

आम्ही गावात शिरलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. पुढं पाटील, काठी टेकत. त्यांच्या मागं बाळ घेऊन गिरजा. तिच्या मागं वामन, अजून दोन्ही हातांवर बंदूक आडवी घेतलेला. ती माझ्या हाती द्यायला गिरजानं नाही म्हटलं होतं. म्हणून सायकल मी ढकलत होतो. पानठेल्यावर माणसं उठून उभी राहिली.

"काय पाटील," डोमाजीनं विचारलं, "हे काय होय?"

"वाट सोडा," पाटील म्हणाले. "जवाई येऊन राहिले."

गावानं पुढं पाटलांना बराच त्रास दिला. दोन वर्षं त्यांच्याकडच्या पंगतीला कोणी गेलं नाही. त्यांनी तो सोसला. गिरजा माहेरी येत राहिली. माझंही पुढच्या उन्हाळ्यात आमगावच्याच मुलीशी लग्न झालं. माझ्या बायकोशी गिरजाचं चांगलं जमलं. ती आमच्या घरी यायची, जेवायची, मला नीळूभाऊ म्हणायची. पण सावरटोल्याहून येताना ती त्या वाटेनं कधीच आली नाही. मोठ्या सडकेनं, दोन बस बदलून यायची.

पाटील गेले तेव्हा आम्ही सगळेच पिकलो होतो. तेरवी आटोपून मी निघालो, तर गिरजा माझ्या मागं फाटकापर्यंत आली.

"नीळूभाऊ, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"त्या दिवशी बंदूक खरंच रिकामी होती? का बाबांनी वरच गोळी काढून घेतली, अन् मग तुम्हाला वाचवाले तसं सांगितलं?"

"रिकामी होती."

"बाबाही मरेपर्यंत तेच सांगत होते."

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. इतक्या वर्षांनी, एवढी नातवंडं खेळवल्यावरही तिला ते पक्कं कळायला हवं होतं. माझ्याकडे तिला द्यायला दुसरा पुरावा नव्हता.

"बसा," ती शेवटी म्हणाली. "चहा टाकते. लगेच नका जाऊ."

मी परत फिरलो आणि पडवीत जाऊन बसलो.